पोरांना घेऊन मृगात जा

मोबाइल घरी ठेवा. जिथे जायचंय तिथे रेंज नाही, ते सोडाच. खरी अडचण त्याच्या उजेडाची आहे. आपल्याला आज काळोख हवाय, आणि अवसरी बुद्रुकात काळोख आता शोधावा लागतो. चौकात हायमास्ट, पोल्ट्रीवर हॅलोजन, आणि बिबट्याच्या धास्तीने वस्त्या-वस्त्यांवर रात्रभर जळणारे एलईडी. यात चूक कोणाची नाही. उसात बिबट्या बसलेला असताना ‘ओट्यावरचा दिवा बंद करा’ असं सांगणाऱ्याने आधी स्वतः त्या ओट्यावर झोपून दाखवावं. म्हणून गाव तेच ठेवू, साल बदलू.

दोन पोरं बरोबर घ्या. थोरली अकरा-बारा वर्षांची, जिला सगळं पाठ आहे: अंडी, अळी, कोश, फुलपाखरू, आकृती काढून नावे द्या, गुण चार. धाकटा सात वर्षांचा, ज्याला काहीच पाठ नाही, पण दिसेल त्याला हात लावायची खोड आहे. तुम्हाला वाटत असेल की थोरलीला दाखवायला न्यायचं आणि धाकट्याला सांभाळायला. तिथे पोचल्यावर हा हिशेब बदलेल.

सन 1829. महिना जून, पण ते नाव गावात उच्चारू नका. मृग लागून चार दिवस झाले, एवढं म्हटलं की पुरे. सकाळी एक सर येऊन गेलीय. पाभरी बाहेर निघाल्यात, बाजरीची पेर सुरू आहे. ऊस कुठेच नाही, कारण डिंभ्याचं धरण नाही, कालवा नाही. घोड नदी आपल्या मर्जीने वाहतेय. पेशवाई बुडून अकरा वर्षं झालीत. लोक आता ‘कुंपणी सरकार’ म्हणतात, आणि म्हणताना जरा इकडेतिकडे बघतात. उमाजी नाईकांचं नाव मुलखात गाजतंय. रात्री-अपरात्री हिंडणाऱ्या परक्या माणसाला इथे कोणीही हटकेल, तेव्हा दिवस मावळायच्या आत कोणाची तरी ओळख करून घ्या.

ती ओळख डोंगराच्या उतारावर भेटेल. लंगोटी, डोक्याला फडकं, खांद्यावर घोंगडं, पुढे पाच-सात गुरं. वयाने थोरलीएवढाच.

“कुटनं आलायसा, पाव्हणं?”

“मंचरकडनं,” म्हणा. खोटं नाही ते.

त्याला दुसरं काही विचारायचं नाही. त्याचं लक्ष धाकट्याकडे आहे, कारण धाकट्याने बोरीच्या झाडात हात घातलाय आणि काटा लागूनही तो बाहेर काढत नाहीये. फांदीला काहीतरी लटकतंय. करड्या-पिवळ्या रंगाचं, टणक, कोंबडीच्या लहान अंड्याएवढं. वरून निघालेला काळपट देठ फांदीपर्यंत गेलाय.

“फळ आहे,” धाकटा म्हणतो.

“बोराला असलं फळ येतं का?” थोरली म्हणते.

गुराखी पोरगा हसतो. “त्यो कोलिसुरा हाय.”

आता घाई करू नका. तुमच्या ओठावर ‘टसर पतंगाचा कोश’ हे शब्द आलेत, ते गिळा. त्यांचं काम पुढे आहे, नाहीतर नाहीच. आधी थोरलीला तो देठ नीट पाहू द्या. देठ पानाला चिकटलेला नाही, थेट फांदीला आहे, आणि चिकटलेलाही नाही: फांदीभोवती त्याचं कडं झालंय. अळीने कोश विणायच्या आधी हे कडं विणलं, मग त्याला देठ विणला, मग देठाच्या टोकाला स्वतःभोवती घर. का? थोरलीला जवळचं एक पान ओढायला सांगा. पान हातात येतं. आता देठ ओढायला सांगा. तो येत नाही. उन्हाळ्यात झाडाची पानं गळून जातात. कोश पानाला बांधला असता तर पानाबरोबर जमिनीवर आला असता आणि मुंग्यांच्या, उंदरांच्या तोंडी गेला असता. मधले सगळे महिने, थंडी, उन्हाळा, वळिवाचा वारा, त्याला झाडावरच काढायचे आहेत. पहिल्या पावसापर्यंत. हे सगळं तुम्ही सांगायची गरज नाही. दोन वेळा ओढून तिने निम्मं स्वतःच ताडलंय.

पोरगा फांदी वाकवून दोन कोश काढतो, कडं न मोडता, काटकीसकट. एक धाकट्याच्या हातावर ठेवतो, दुसरा थोरलीच्या.

“ह्यो हलका. ह्यो जड. जडात जीव हाय.”

धाकटा जड कोश कानाशी नेऊन हलकेच हलवतो आणि त्याचे डोळे मोठे होतात. आत काहीतरी टकटकतंय. मुलांना या किड्याची ओळख करून द्यायची असेल तर ती इथून सुरू होते असं माझं मत आहे, हातावरच्या वजनापासून. पाठ्यपुस्तकातली चार चित्रं आणि चार बाणांचं वर्तुळ वाईट नाही, पण त्यात कोश हे बाणांच्या मधलं एक स्टेशन असतं, गाडी थांबते न थांबते तोच सुटते. प्रत्यक्षात हा जीव वर्षातला सर्वात जास्त काळ याच डब्यात बंद असतो. पतंग म्हणून त्याला मिळतो तो जेमतेम आठवडा.

हलका कोश नीट पाहा. देठाकडच्या टोकाला भोक आहे. थोरली म्हणते, “कुरतडून बाहेर आलाय.” तिला भोकाची कड बोटाने चाचपू द्या. धागे तुटलेले नाहीत. दोन्ही बाजूंना सारलेले आहेत, मऊ होऊन. कुरतडायला त्याच्याकडे दात नाहीत, जबडाच नाही. तोंडातून तो एक पाझर सोडतो. धाग्यांना एकमेकांशी जखडणारा डिंकासारखा थर त्याने विरघळतो, आणि मग डोक्याने रेटत तो वाट काढतो. त्या पाझरातलं विकर शास्त्रज्ञांनी वेगळं करून ओळखलं ते 1960च्या दशकात. अजून सव्वाशेहून जास्त वर्षं आहेत त्याला. बोट मात्र आजही तेच सांगतं.

गुरं वळली. चला गावात.

चावडीपाशी जागल्या बसलाय, मांडीवर तोड्याची बंदूक. आता तुम्हाला जे दिसणार आहे त्याच्यासाठीच मी हे साल निवडलं. बंदुकीची लोखंडी नळी लाकडी दस्त्यावर बसवलेली आहे, आणि ती जागच्या जागी राहावी म्हणून तिच्याभोवती घट्ट वेढे दिलेत. चामड्याचे वाटतात. चामडं नाही ते.

पोरगा हलका कोश त्याच्यापुढे धरतो. “हे घ्या, आबा.”

जागल्या कोश पाण्यात टाकतो. तो भिजेपर्यंत तुमची चौकशी होते: कोणाचे, कुठले, पोरांच्या पायात हे काय. उत्तरं जमतील तशी द्या. मग तो कोश बाहेर काढतो, भोकाच्या कडेला सुरीचं टोक टेकवतो आणि सुरी न हलवता कोश फिरवायला लागतो. हे जवळून पाहा, कारण कुठल्या संग्रहालयात दिसायचं नाही. अंगठ्याने कोश पुढे सरकतो, सुरी जागेवर, आणि कोशाच्या अंगातून करंगळीच्या निम्म्या रुंदीची पट्टी सलग सुटत जाते, गोल गोल, खाली खाली, न तुटता. संपते तेव्हा दीड हात भरते. तिचा ओलेपणा आहे तोवर ती नळीवर आवळायची. वाळली की ती जी बसते, ती बसते. दख्खनचे लोक या कोशाच्या अशा पट्ट्या काढून बंदुकीच्या नळ्या दस्त्याला बांधत होते. चामड्यापेक्षा ही वादी टिकाऊ, असा अनुभव होता.

थोरलीला राहवत नाही. “आबा, हे रेशीम आहे!”

जागल्या हसतो, आणि त्याचं बरोबर आहे. रेशीम म्हणजे पैठणीचं, ते बंगालहून नाहीतर चीनहून येतं, पुण्याच्या पेठेत सावकार विकतो, त्याला लकाकी असते. ही बोरीवरची वादी आहे. त्या क्षणी दोघंही खरं बोलतायत. थोरलीला ठाऊक आहे ते त्याला नाही, आणि त्याच्या हाताला जे येतं ते आपल्या सगळ्या शाळेत कोणाला येत नाही.

तंबू दिसतोय का, पलीकडे आंब्याखाली? अवसरीत तो मी माझ्या सोयीने आणून ठेवलाय, पण त्यातला माणूस अस्सल आहे आणि त्याची दख्खनभर भटकंतीही. विल्यम हेन्री साइक्स. बारा वर्षांपूर्वी तो खडकीच्या लढाईत इंग्रजांच्या बाजूने लढला. 1824 पासून मुंबई सरकारचा ‘आकडे गोळा करणारा’ अधिकारी म्हणून तो गावोगाव फिरतोय. घरं किती, नांगर किती, पाऊस किती. आणि या सरकारी कामाच्या जोडीला पक्षी कोणते, मासे कोणते, जुन्नरच्या लेण्यांतल्या भिंतींवर कोरलंय काय. पुढे तो दख्खनच्या पक्ष्यांची यादी छापेल. एका चंडोलाला आजही त्याचं नाव आहे. जुन्नरचे शिलालेख उतरवून लंडनला नेईल. आणि 1834च्या सुमारास रॉयल एशियाटिक सोसायटीच्या अंकात दख्खनच्या ‘कोलिसुरा’ नावाच्या रेशीमकिड्यावर एक टिपण देईल. बोरीवर, ऐनावर वाढणारा हा किडा, त्याच्या कोशाची ही बंदुकीची वादी, आणि यापासून रेशीम निघू शकतं ही गोष्ट, सगळं त्यात येईल.

लॅटिन नाव त्याच्याही आधी पडलंय. 1773 मध्ये ड्रू ड्रुरी नावाच्या लंडनच्या सोनाराने, ज्याला परदेशचे किडे जमवायचा नाद होता, ‘मायलिट्टा’ हे नाव देऊन टाकलं. म्हणजे 1829 मध्ये या पतंगाचं नाव एकाकडे आहे, टिपण दुसऱ्याच्या वहीत तयार होतंय आणि उपयोग तिसऱ्याच्या हातात आहे. चौथा आपला गुराखी. हा किडा कोणत्या झाडावर सापडतो हे त्याला माहीत.

साइक्ससाहेबाला भेटायला जाऊ नका. तो प्रश्न फार विचारतो.

रात्र. गोठ्याच्या आडोशाला पोराने जड कोश काटकीसकट कुडाला खोचलाय. कोनाड्यात करडईच्या तेलाची पणती. कोश नेमका आजच फुटावा ही सवलत कालप्रवासात घ्यायची असते, ती घेतली आहे. देठाकडचं टोक ओलं झालंय. रंग गडद झाला. धागे आतून हलतायत.

आधी डोकं येतं, मग पाय चाचपडत येतात, आणि मग सगळं अंग एकदम सरकून बाहेर पडतं. गलेलठ्ठ, केसाळ, चिंब. पाठीवर चार चुरगळलेले ओले तुकडे.

“पंख तुटलेत,” थोरली म्हणते. तिचा आवाज रडवेला आहे. तिच्या पुस्तकात कोशातून पूर्ण उघडलेल्या पंखांचं फुलपाखरू निघतं, कारण चित्रकाराला दुसरी जागा नव्हती. तिला बसवून ठेवा. किडा कुडावर चढतो, खाली लोंबतो, आणि अंगातलं पाणी पंखांच्या शिरांमध्ये लोटायला लागतो. तुकडे लांबतात. सुरकुत्या जातात. तासाभरात पणतीच्या उजेडात एक मादी पसरलेली आहे, पिवळसर करड्या रंगाची, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सहा इंचांच्या वर. चारही पंखांवर एकेक डोळा.

या डोळ्यांची भीती वाटणारी मुलं असतात, मोठी माणसंही. धाकट्याला वाटत नाही. तो अगदी जवळ जातो आणि ओरडतो, “यातून दिवा दिसतो!”

दिसतोच. डोळ्याच्या मध्यावर खवले नाहीत; तिथे पंख काचेसारखा आरपार आहे. पणतीची ज्योत त्या खिडकीतून स्पष्ट दिसते. थोरली उठून दुसऱ्या पंखातून पाहते. गुराखी पोराने हे आधी पाहिलंय, पण तोही पुन्हा पाहतो.

धाकट्याने खिशातला गुळाचा खडा काढलाय. मादीच्या तोंडाशी धरतो. पाहा काय होतं ते: काहीच होत नाही. तिला सोंड नाही, खायचं तोंड नाही. जे खायचं ते तिने अळी असताना खाऊन घेतलं. आता त्याच शिदोरीवर आठवडाभर.

“उपाशी मरणार?”

“मरल,” पोरगा म्हणतो. “पर आधी अंडी घालंल.”

पणती विझवा. आता त्या काळोखाचा उपयोग आहे ज्याच्यासाठी एवढ्या लांब आलो. मादी हलत नाही. पोटाचं टोक जरासं बाहेर काढून लटकून राहते. काही ऐकू येत नाही, काही दिसत नाही, माणसाच्या नाकाला काही कळत नाही. तरीही डोंगराकडून वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने काहीतरी फडफडत येतं, कुडावर आपटतं, पुन्हा उठतं. मग दुसरं. तांबूस विटकरी रंगाचे नर, मादीपेक्षा सडपातळ, डोक्यावर रुंद पिसारी मिशा. त्या मिशांवर मादीचा गंध अडकतो. मोजके कण पुरतात.

हा गंध म्हणजे काय हे कळायला माणसाला फार वेळ लागला. फ्रान्समध्ये झां-आंरी फाब्र नावाच्या शिक्षकाने मे महिन्यातल्या एका सकाळी याच कुळातल्या एका मोठ्या पतंगाची मादी जाळीखाली ठेवली. रात्री नऊच्या सुमाराला त्याचा लहानगा मुलगा पॉल अर्धवट कपड्यांत घरभर धावत सुटला आणि बापाला हाका मारायला लागला, कारण त्याच्या खोलीत पाखरांएवढे पतंग शिरले होते. त्या संध्याकाळी चाळीसेक नर आले. फाब्र पुढे वर्षानुवर्षं प्रयोग करत राहिला, पण शोध लागला तो मुलाच्या आरड्याओरड्यातून, हे मला फार आवडतं. असा गंध रसायन म्हणून हाती आला 1959 मध्ये. जर्मनीत अडोल्फ बुटेनांट यांनी तुतीच्या रेशीमकिड्याच्या सुमारे 5 लाख माद्यांच्या ग्रंथींमधून तो चिमूटभर वेगळा काढला. वीस वर्षं लागली. गुराखी पोराला आत्ताच ठाऊक आहे की मादी टांगली की नर येतात. फक्त ‘का’ ठाऊक नाही.

मादी पहाटे सोडून द्या. ती दीडशे-दोनशे अंडी घालेल. आठ-दहा दिवसांनी त्यातून अळ्या निघतील, पिवळसर, काळ्या डोक्याच्या, मुंगीहून थोड्या मोठ्या. आणि मग खाणं सुरू. चार वेळा कात टाकायची, दर कातेनंतर अंग मोठं. महिना-सव्वा महिन्याने तीच अळी अर्ध्या विताहून लांब, जाडजूड, पानाच्या रंगाची हिरवी, कडेला चांदीचे बारीक ठिपके. तीच ती बोरीवर आहे, तुम्ही समोर उभे आहात आणि तुम्हाला दिसत नाहीये. धाकट्याला विचारा. त्याला दिसेल, त्याची उंची सोयीची आहे. खाली पडलेल्या लेंड्या पाहायच्या आणि मान वर करायची.

दिसते ती जगते असं नाही. गांधीलमाशी, मुंग्या, ढेकणाच्या जातीचा एक सोंडवाला किडा, पक्षी. उझी नावाची एक माशी अळीच्या अंगावर अंडं चिकटवते, आणि कोश झाला तरी त्यातून पतंगाऐवजी माशीचा किडा बाहेर येतो. हे मुलांपासून लपवू नका. लपवलंत तर दोनशे अंड्यांतून दोनशे पतंग का होत नाहीत, याचं उत्तर तुम्हाला देता येणार नाही, आणि थोरली तो हिशेब मांडल्याशिवाय राहणार नाही.

परत येताना पुण्यात जरा उतरू, पन्नासेक वर्षांनी पुढे. मेजर कूसमेकर नावाचे एक अधिकारी 1870च्या दशकापासून याच किड्याच्या मागे आहेत. साइक्सने सांगितलेलं रेशीम खरोखर काढायचं, मुंबई इलाख्यात टसरचा धंदा उभा करायचा, ही त्यांची धडपड. रानातून कोश गोळा होतायत, अळ्या पाळल्या जातायत, राखणीला माणसं आहेत. पण बोरीवर उन्हापावसात वाढलेला हा प्राणी तुतीच्या किड्यासारखा सुपात बसून खात नाही. तो भटकतो, आजारी पडतो, मरतो. पुण्यात तो धंदा काही उभा राहिला नाही. थोरलीला इथे एक गोष्ट लक्षात आणून द्या: तुतीचा रेशीमकिडा हजारो वर्षं माणसाने पाळलाय, त्याच्या पतंगाला नीट उडताही येत नाही. हा मात्र अजून रानाचाच.

जिथे जमलं तिथे रानातच जमलं. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात ढीवर समाजातली कुटुंबं आजही ऐनाच्या आणि अर्जुनाच्या झाडांवर अळ्या सोडतात आणि दिवसभर पाखरं हाकलत राखण करतात. आरमोरी हे त्यातलं मोठं नाव. त्या कोशांचा धागा भंडाऱ्याकडच्या मागांवर जातो, करवत काठीच्या साड्या त्याच्या होतात. त्या धाग्यासाठी कोश फुटायच्या आत उकडावा लागतो, म्हणजे आतला जीव जातो. मुलं विचारतील. सरळ सांगा.

आता घरी. अवसरी बुद्रुक, चालू साल. हायमास्ट पुन्हा डोळ्यांवर येतो.

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात जगभर पतंगांचा आठवडा पाळतात, 2012 पासून. पांढरी चादर, एक दिवा, आणि चादरीवर येतील त्यांचे फोटो. कार्यक्रम चांगला आहे. भारतात फुलपाखरांच्या जाती चौदाशेच्या आसपास आणि पतंगांच्या दहा हजारांहून जास्त, हे त्या चादरीवर अर्ध्या तासात पटतं. महाराष्ट्राने 2015 मध्ये राज्य फुलपाखरू ठरवलं, पतंगाचा विचार कोणाच्या मनात आला नाही. दिवसा हिंडणाऱ्यांचंच राज्य असतं. पण चादरीवर आलेला पतंग म्हणजे वाट चुकून आलेला पाहुणा. तो काय करतो, कुठून येतो, कशाला येतो यातलं काही दिसत नाही. दिसतो फक्त दिव्याला भुललेला किडा. चादर लावाच, पण दहा वाजता दिवा बंद करा आणि त्यावरच थांबू नका.

त्यापेक्षा हिवाळा सरताना सुरुवात करा. ऐनाची पानं झडतात तेव्हा लटकलेले कोश उघडे पडतात. भीमाशंकरच्या बाजूला, ऐन दाट आहे तिथे, मान वर करून चाललात तर दिसण्याची आशा जास्त. मात्र अभयारण्यातून पानही उचलायचं नाही, तिथे फक्त पाहायचं. गावाच्या शिवारात, बांधावरच्या बोरीवर एखादा मिळाला तर नशीब समजा. मिळालाच तर एकच घ्या, काटकीसकट. काचेच्या बरणीत कोंडू नका, फ्रिजवर ठेवू नका. हवा खेळेल अशा टोपलीत काटकी उभी खोचा आणि वरून मच्छरदाणीचा तुकडा बांधा. पोरांना आठवड्यातून एकदा तो हातावर घेऊन वजन पाहू द्या. आतून खुळखुळ वाजायला लागला आणि पिसासारखा हलका झाला तर तो वाळून गेला, पुढे वाट पाहण्यात अर्थ नाही. हेही त्यांना कळायला हवं. जड राहिला तर मृगापासून रोज संध्याकाळी टोपलीकडे नजर टाका.

मादी निघाली तर त्या रात्री अंगणातले दिवे तासभर बंद ठेवायचं शेजाऱ्यांना आधीच सांगून ठेवा. बिबट्याची ये-जा असेल तर खिडकीच्या जाळीला टोपली टेकवा आणि पोरांना घरातच बसवा. नरांना जाळीची अडचण वाटत नाही. नर आले किंवा न आले, पहाटे मादीला त्याच बोरीवर नेऊन ठेवा. केसाळ, खाज आणणारे सुरवंट वेगळे, हिची अळी वेगळी, हे पोरांना दाखवून द्या, नाहीतर पुढच्या महिन्यात धाकटा भलत्याच सुरवंटाला हात घालेल.

रिकामा कोश उरेल. थोरली तो वहीत चिकटवायला मागेल. त्याच्याआधी तो रात्रभर पाण्यात भिजवा आणि भोकाच्या कडेपासून पट्टी काढून बघा. सुरी जागेवर ठेवायची, कोश फिरवायचा. पहिल्या दोन वेढ्यांत तुटेल. सुरी मात्र तुम्हीच धरा.